इंदुरात गव्हाला भाड्याची खोली

सोमवार, भंवरकुआं

भंवरकुआं चौकातून आत वळून दोन कोचिंग क्लास, एक झेरॉक्सचं दुकान आणि पोह्यांचा एक ठेला ओलांडला की पिवळ्या रंगाची तीन मजली इमारत लागते. पूर्वी इथे तेलाच्या डब्यांचं गोदाम होतं. आता आत लहानमोठ्या खोल्या आहेत. प्रत्येकीला लोखंडी शटर आहे आणि त्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. ज्याच्या घरात सामान मावत नाही त्याने ते इथे आणून ठेवायचं, स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी खिशात घालून निघून जायचं. या धंद्याला जगभर सेल्फ स्टोरेज म्हणतात.

हा धंदा मी याआधी तीन देशांत पाहिला होता. अमेरिकेत गाडी थेट शटरपर्यंत नेता येत होती आणि मला भेटलेल्या बहुतेकांनी आईवडिलांच्या मागे उरलेलं फर्निचर ठेवलं होतं. टोकियोत खोली कपाटाएवढी होती. त्यात हिवाळ्याचे कपडे आणि मुलींच्या सणाच्या बाहुल्या. सिंगापुरात एक बाई ऑनलाइन विकायच्या चपलांचा साठा अशा खोलीत ठेवत होती. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. बोळात माणूस दिसत नसे. ग्राहक यायचा, कुलूप काढायचा, काम करायचा आणि कोणाशी न बोलता जायचा.

इंदुरात सोमवारी सकाळी दहा वाजता पहिल्या मजल्याच्या बोळात मी सोळा माणसं मोजली. त्यांतल्या पाच जणांच्या हातात चहा होता.

इमारत चालवणाऱ्या रोहिणी मुळ्ये सेहेचाळीस वर्षांच्या आहेत. त्यांचे आजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून इथे आले आणि घर इथलंच झालं. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी सिंगापूरच्या एका कंपनीशी करार केला. नाव, नियम आणि सॉफ्टवेअर कंपनीचं. इमारत आणि ग्राहक त्यांचे.

"त्यांना मी पहिल्याच मीटिंगमध्ये बोलली," त्या म्हणाल्या, "इंदुरात सेल्फ म्हणजे एक माणूस नसतो, भिया. मम्मी, पापा, बुआजी आणि शेजारचे गुप्ताजी. सामान बघायला सगळे येणार. मग बसायला काहीतरी पाहिजे की नाही?"

म्हणून बोळात चार बाकं आहेत. नियमावलीप्रमाणे सामान ग्राहकाने स्वतः उचलायचं असतं, पण इथे गेटपाशी हम्माल उभे असतात. शटरवर खुणा करायला बंदी आहे, आणि नवी खोली घेणारा प्रत्येक जण नारळ फोडून कुंकवाचं स्वस्तिक काढतो. रोहिणीताईंनी प्रत्येक शटरवर हाताच्या पंजाएवढी स्टीलची पट्टी चुंबकाने चिकटवली. स्वस्तिक पट्टीवर काढलं जातं. शटर कोरं राहतं आणि कंपनीची तक्रार राहत नाही.

खोल्यांना आकडे आहेत, पण चार नंबरची खोली नाही. सिंगापुरात तो आकडा अशुभ मानणारे लोक आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्येच तो वगळलेला. तळमजल्यावर, गेटाजवळ, तीन आणि पाच यांच्यामध्ये भिंतीत एक कोनाडा उरला आहे. तिथे पहारेकरी यादवजींची चहाची इलेक्ट्रिक किटली असते.

"साब, वो चार से डरते हैं," यादवजी म्हणाले, "तो हमने चार में चाय रख दी। अब पूरा इंदौर चार नंबर पूछता है।"

पण पहिला मजला गजबजलेला असण्याचं खरं कारण गहू आहे. माळव्यातली घरं वैशाखात वर्षभराचा गहू एकदम घेतात आणि पत्र्याच्या उंच कोठीत, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवतात. सवय टिकली, घरं बदलली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोठी कुठे ठेवणार? कंपनीच्या नियमात खाद्यपदार्थांना मनाई होती. रोहिणीताईंनी दोन वर्षं पत्रव्यवहार करून पहिल्या मजल्यापुरती सवलत मिळवली. आज तिथे अडतीस कोठ्या आहेत. सिंगापूरचा ग्राहक वर्षातून दोनतीनदा फिरकतो, इथला दर आठवड्याला येतो, दहा किलो गहू काढतो आणि अंगणातल्या गिरणीतून पीठ घेऊन जातो. गिरणीही रोहिणीताईंनीच बसवली.

मी पोचलो त्याच्या आदल्या शुक्रवारी बोळात किडे निघाले होते. दाण्याहून लहान, तपकिरी, पुढे सोंड असलेले. इंदुरात त्यांना घुन म्हणतात. सत्तावीस नंबरच्या खोलीच्या ग्राहक निर्मला काळे यांनी लेखी तक्रार थेट सिंगापूरला पाठवली. उत्तर शनिवारी आलं: येत्या शुक्रवारपर्यंत सगळा गहू बाहेर काढावा. किडे गव्हातून आले नाहीत असं दाखवता आलं, तरच फेरविचार होईल.

"अडतीस घरं," रोहिणीताई म्हणाल्या. "पावसाळ्यात कुठे नेतील ते कोठ्या? आणि ते गेले की माझा अर्धा मजला गेला. मग ही बिल्डिंग नाही चालू शकत, एवढं सरळ आहे."

मंगळवार, तिलकनगर

सकाळी ठेल्यावर पोहे खाल्ले. पुण्यात पोहे परततात, इथे ते वाफेवर राहतात. वर बारीक शेव, कांदा आणि जीरावन नावाचा आंबटसर मसाला, शेजारी जिलबी. शेजारी उभा असलेला तरुण राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो. चौघांत मिळून त्यांनी रोहिणीताईंकडे एक खोली घेतली आहे. आत कूलर, गाद्या आणि नोट्सची सात खोकी.

"भिया, रिजल्ट तक किताबें दिखनी नहीं चाहिए," तो म्हणाला. "पास हुए तो रद्दी। फेल हुए तो वापस खटिया के नीचे।"

दुपारी निर्मलाकाकूंकडे गेलो. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वय बहात्तर. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले, मोठं घर विकलं आणि त्या एकट्या या फ्लॅटमध्ये आल्या. त्यांनी मक्याचा किस केला होता: कणसं किसून, दुधात शिजवून, वर हिंग-मोहरीची फोडणी. दुसऱ्यांदा वाढताना त्यांनी विचारलं नाही.

"तुम्ही रोहिणीच्या बाजूनं आलात का?"

मी दोन्ही बाजू ऐकायला आलो आहे, असं सांगितलं.

"मग लिहून घ्या. मी गव्हाच्या विरुद्ध नाही. मी फॉर्मच्या बाजूची आहे. फॉर्मवर छापलंय, खाद्यपदार्थ ठेवू नयेत. मी लिहिलं, कपडे. मी कपडेच ठेवले. एक लोखंडी अलमारी आणि एक पेटी. मग घुन माझ्या दारात का?"

किडे दिसले तेव्हा त्या पेटीतली शाल काढायला गेल्या होत्या. अलमारी उघडली नव्हती. तीन वर्षांत ती उघडायची वेळच आली नाही, म्हणाल्या.

"तुमच्या तक्रारीनं अडतीस घरांची पंचाईत होईल."

"उत्तर बरोबर असेल तर होऊ दे. चूक असेल तर दाखवा. मी मुलांना हेच सांगायची, पायऱ्या लिहा." त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं. "आणि तो किस संपवा. पुणेकर अर्धं टाकतात."

बुधवार, खजराना आणि देपालपूर

इकडे बुधवार गणपतीचा, म्हणून रोहिणीताई सकाळी खजरान्याच्या देवळात जाणार होत्या. मीही गेलो. दर्शनाइतकंच लक्ष मी फुलांच्या दुकानांकडे दिलं. दुकानदार हार देतो आणि चपला, हेल्मेट, पिशवी ठेवून घेतो. टोकन नाही, कुलूप नाही, फॉर्म नाही. परत आलेल्या माणसाचा चेहरा पाहून तो नेमक्या त्याच चपला पुढे सरकवतो. मी तपासायला म्हणून मुद्दाम वेगळ्या वाटेने परत आलो. त्याने मान वर न करता माझे बूट काढून दिले.

"बघा, हा माझा खरा कॉम्पिटिटर," रोहिणीताई म्हणाल्या.

देवळाच्या भिंतीवर नवस बोलणारे उलटं स्वस्तिक काढतात. तुम्ही काढलंत का, असं विचारलं.

"काढलं असतं. पण सिंगापूरला हे दिसत नाही ना. त्यांना फोटो पाहिजे, तारीख आणि सही."

दुपारी देपालपूर. गीताबाई पाटीदार यांची तिथे शेती आहे. मुलगा, सून आणि दोन नातू इंदूरला चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांची वर्षाच्या गव्हाची कोठी एकतीस नंबरच्या खोलीत आहे, सत्तावीसच्या समोर, जरा तिरकी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. एका वळणावर आमची गाडी म्हशींच्या कळपात अडकली. रोहिणीताई खाली उतरून एकेका म्हशीला "चलो माताजी, चलो" म्हणत होत्या. म्हशींनी घाई केली नाही.

गीताबाईंनी दाल-बाफले केले होते. खानदेशातली बट्टी मी खाल्ली आहे. बाफला तिचा भाऊ, पण आधी पाण्यात उकळलेला, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला आणि शेवटी तुपात बुडवलेला.

"अणी गेहूँ को ज है," त्या म्हणाल्या, याच गव्हाचा आहे. "खाओ भिया. घुन मिले तो बताजो."

चार बाफल्यांत मिळाला नाही. पाचव्याला मी हात जोडले.

"म्हारी कोठी में घुन? कई वात करो! नीम म्हने अपणा हाथ से डाल्यो." मग त्यांचा आवाज खाली आला. गहू बाहेर काढायचा तर इथे आणावा लागेल, आणि घराच्या मागच्या खोलीचं छत यंदा गळतं आहे. ठेवला तर भिजणार, विकला तर गेला. "बजार को आटो म्हारा पोता नी खाय. रोटी देखी ने ज पूछे, दादी, यो आपणो है?"

परतताना रोहिणीताईंनी फोनवर अडतीस घरांची यादी उघडली. मग म्हणाल्या, "उद्या सगळ्या कोठ्या उघडायच्या. सगळ्यांसमोर. निघाले किडे तर निघाले."

गुरुवार, पहिला मजला

सकाळी नऊला बोळात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. अडतीसपैकी तीस घरांची माणसं स्वतः आली, उरलेल्या आठांच्या चाव्या नातेवाइकांनी आणल्या. पद्धत ठरली: कोठीत कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा, मधला आणि तळाचा गहू काढायचा, चादरीवर पसरायचा आणि तीन जणांनी पाहायचा. गीताबाई पहिल्या बसने आल्या होत्या आणि त्या तिघांत होत्या. रोहिणीताई प्रत्येक ढिगाचा फोटो घेत होत्या.

बाराव्या कोठीत हात घातल्यावर यादवजी थांबले. त्यांनी गव्हातून शेवेचं पाकीट वर काढलं. मग दुसरं. एकूण पाच निघाली. लवंगेची तीन, लसणाची दोन. कोठीचे मालक निवृत्त इंजिनिअर होते, आणि डॉक्टरांनी त्यांची शेव बंद केलेली होती. त्यांची पत्नी शेजारीच उभी होती.

"तभी मैं सोचूँ," ती म्हणाली, "आटा लेने हर तीसरे दिन खुद क्यों जाते हो।"

"गेहूँ चेक हो रहा है कि मैं?" इंजिनिअरसाहेब म्हणाले.

पाकिटं फोडून बोळात वाटली गेली. इंजिनिअरसाहेबांना वाटा मिळाला नाही.

तीन वाजता अडतिसावी कोठी बंद झाली. एकाही चादरीवर किडा नव्हता. तरीही बोळात, सत्तावीस नंबरच्या उंबऱ्यापाशी, सकाळी झाडून काढल्यावर पुन्हा सातआठ फिरत होते. सगळे त्या शटरकडे पाहत होते. कुलूप ग्राहकाचं. ते उघडायला सांगायचा अधिकार रोहिणीताईंना नव्हता, आणि तक्रार करणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलंही नसतं.

निर्मलाकाकू सव्वातीनला आल्या. तपासणी पाहायचा हक्क आहे, म्हणून. त्यांनी फोटो पाहिले, एकेक करून, अडतीसही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे एकच शक्यता उरली," त्या म्हणाल्या आणि पर्समधून चावी काढली.

"काकू, राहू दे ना. तुमचं पर्सनल आहे," रोहिणीताई म्हणाल्या.

"शटर वर कर. मला ते जड जातं."

आत पेटी होती आणि राखाडी अलमारी. अलमारीच्या दाराखाली भुशासारखी पिवळी भुकटी पडली होती. काकूंनी दार उघडलं. वरच्या दोन खणांत साड्या होत्या. खालच्या दोन खणांत खण होते, ब्लाउजपीसं, एकावर एक रचलेली. हिरवी, लाल, जांभळी. प्रत्येकाला एक गाठ मारलेली होती. काकूंनी वरचं उचललं आणि गाठ सोडली. मूठभर पोकळ झालेले गहू आणि तांदूळ त्यांच्या तळहातावर आले, आणि त्यांतून किडे चालू लागले.

त्या ओट्या होत्या. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, लग्न, पाहुणी म्हणून गेलेलं प्रत्येक घर. घरी आल्यावर ते धान्य सोडून घ्यायचं आणि शिजवायचं असतं.

"यांचं आजारपण चार वर्षं चाललं," काकू म्हणाल्या. "ओटी घेऊन यायचं, अलमारीत टाकायचं आणि दवाखान्यात पळायचं. सोडू नंतर, म्हणून राहिल्या. मग हे गेले. आता कोणी माझी ओटी भरत नाही. या शेवटच्या. म्हणून सोडवेनात." तळहातावरचा किडा त्यांनी फुंकरीने खाली उडवला. "पण फॉर्मवर मी कपडे लिहिलं. ते चूक आहे."

मग गीताबाई आत गेल्या, खालच्या खणातला सगळा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर चादरीवर आणून टाकला.

"दीदी, इत्तो कपड़ो! यामें तो तीन गोदड़ी हुई जाय."

"तीन नाही होणार," काकू म्हणाल्या. त्यांनी एक खण उलगडून वितीने मोजला. "दोन. आणि वर एक उशीचा अभ्रा."

दोघी चादरीवर बसल्या आणि गाठी सोडू लागल्या. काकूंना प्रत्येक खण कोणाचा ते आठवत होतं. ही सुनंदाच्या मुलीच्या लग्नातली, ही खंडव्याच्या वन्संची, ही त्या कंजूष वकिलीणबाईची, तिने भोकाचाच खण दिला होता. गीताबाईंना मराठी येत नाही, पण वकिलीणबाई त्यांना समजली.

शुक्रवार, कार्यालय

पत्र काकूंनी स्वतः लिहिलं. रोहिणीताई म्हणाल्या होत्या की मी लिहिते, तुमचं नाव नको घालायला.

"दुसऱ्यानं लिहिलं की तो झाकतो," काकू म्हणाल्या. "पायऱ्या लिहिल्याशिवाय मार्क नाहीत." पत्रात खोलीचा क्रमांक होता, गाठींची संख्या एकोणसत्तर होती, आणि शेवटी तक्रार मागे घेते असं नाही, तर तक्रार चुकीची होती असं होतं.

अकरा वाजता व्हिडिओ कॉल लागला. सिंगापूरच्या अधिकारी, मिस लिम, पस्तिशीतल्या आणि नेमकं बोलणाऱ्या होत्या. काकूंनी शाळेतल्या इंग्रजीत ओटी म्हणजे काय ते समजावलं आणि एक खण कॅमेऱ्यासमोर धरला.

मिस लिमनी विचारलं की हे खाद्यपदार्थांत मोडतं की कपड्यांत.

"दोन्ही," काकू म्हणाल्या.

सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीवर खूण करता येत नाही, असं मिस लिम म्हणाल्या.

"मग सॉफ्टवेअर दुरुस्त करा," काकू म्हणाल्या. रोहिणीताईंनी डोळे मिटून घेतले.

पडद्यावर मिस लिम काहीतरी लिहीत होत्या. मग त्यांनी अडतीस फोटो पुन्हा मागितले, पत्राची प्रत मागितली आणि दोन तासांचा वेळ मागितला. त्या दोन तासांत यादवजींनी किटली पाच वेळा भरली.

दीड वाजता मेल आली. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवलेला गहू इंदूर शाखेत राहू शकतो. दर महिन्याला तपासणी व्हावी, गुरुवारी केली त्याच पद्धतीने. आणि इंदूर शाखेच्या फॉर्ममध्ये कपड्यांच्या रकान्याखाली एक नवा प्रश्न घालावा. त्याचे शब्द शाखेने ठरवावेत.

रोहिणीताईंनी मेल दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि मग बोळात जाऊन ओरडल्या, "रहेगा! गेहूँ रहेगा!" गीताबाई तोवर देपालपूरला पोचल्या होत्या. त्यांना फोन लावला. पलीकडून आधी हसू आलं आणि मग एकच प्रश्न: खण सगळे सुटले का?

सुटले नव्हते. बारा उरले होते.

शनिवार, गेटपाशी

माझी गाडी दुपारची होती. सकाळी इमारतीत गेलो तेव्हा काकू चार नंबरच्या कोनाड्यासमोर चादर अंथरून उरलेल्या गाठी सोडत होत्या. नवे फॉर्म छापून आले होते. गेटात एक टेम्पो उभा होता. पिंपरीहून बदलीवर आलेलं एक कुटुंब, पती एका कारखान्यात व्यवस्थापक. कंपनीचं घर मिळेपर्यंत सामान ठेवायचं होतं. रोहिणीताई एकेक प्रश्न वाचत होत्या आणि ते उत्तरं देत होते. फर्निचर, हो. कागदपत्रं, नाही. ज्वालाग्राही काही, नाही. कपडे, हो, एक कपाट.

"कपड्यांत कुठे गाठ मारून धान्य बांधलेलं आहे का?"

ते मोठ्याने हसले. "कपड्यांत धान्य कोण ठेवतं हो, मॅडम? नाही लिहा."

त्यांची पत्नी हसली नाही. तिने टेम्पोकडे पाहिलं, मग कोनाड्यासमोरच्या चादरीवरच्या रंगीत ढिगाकडे.

"थांबा, लिहू नका," ती म्हणाली आणि हम्मालांना हाक मारली. "भाऊ, ते कपाट आधी उतरवा. इथेच, बाहेर."

काकूंनी मान वर केली नाही. त्या फक्त थोड्या सरकल्या आणि चादरीवर आपल्या शेजारी जागा केली.